चावी, यावे, शावे

स्पॅनिश शिकतेय असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला: ‘मनी हाइस्ट’ सबटायटल न लावता कळते का? दुसरा: कुठली स्पॅनिश? पहिल्याला ‘बरीचशी’ म्हणून सुटका होते. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तरही तयार असतं. खरी स्पॅनिश स्पेनची, म्हणजे कॅस्टिलियन. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना यांची म्हणजे तीच, पण जरा बिघडलेली.

पुण्यात मी ज्या संध्याकाळच्या वर्गाला जायचे, त्यांच्या जाहिरातीतही ‘शुद्ध कॅस्टिलियन उच्चार’ असं ठळक अक्षरांत होतं. ‘शुद्ध’ या शब्दाशी माझी ओळख त्याच्या बरीच आधीची. मी अकोला जिल्ह्यातल्या एका गावची. आमच्याकडे शाळेला ‘शाया’ म्हणतात, फळ्याला ‘फया’, डोळ्यांना ‘डोये’. ‘ळ’ जिथे यायचा तिथे वऱ्हाडीत ‘य’ येतो. अकरावीला पुण्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात भर वर्गात म्हणाले, ‘मले फयावरचं दिसून नाही राह्यलं.’ त्या एका वाक्यावर वर्ग महिनाभर हसत होता. दिवाळीपर्यंत माझा ‘ळ’ चोख झाला. तेव्हापासून कुठल्याही भाषेपुढे ‘शुद्ध’ लावलेलं दिसलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुणाच्या मते?

*

आधी नावाचा गुंता सोडवू. ‘कास्तेल्यानो’ म्हणजे कास्तिया या प्रदेशाची, तिथल्या जुन्या राज्याची भाषा. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेतलं तिसरं कलम देशाच्या अधिकृत भाषेला ‘एस्पान्योल’ नाही, ‘कास्तेल्यानो’ म्हणतं. कारण कातालान, बास्क, गालिसियन याही स्पेनच्याच भाषा आहेत. त्यांतल्या एकीलाच ‘स्पॅनिश’ म्हटलं तर बाकीच्यांनी कुठे जायचं? गंमत म्हणजे अर्जेंटिना, पेरूमधले लोकही आपल्या भाषेला सर्रास कास्तेल्यानो म्हणतात. म्हणजे ब्युनोस आयर्सचा टॅक्सीवाला त्याच्या मते कॅस्टिलियनच बोलतो. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘कॅस्टिलियन’ म्हणजे स्पेनच्या उत्तरेकडचा, माद्रिदच्या बातम्यांतला उच्चार, हा अर्थ त्याच्या गावीही नसतो.

आता आकडे. स्पॅनिश मातृभाषा असलेले लोक जगात ५० कोटींच्या आसपास. स्पेनची लोकसंख्या ५ कोटींच्या आत. एकट्या मेक्सिकोची १२ कोटींहून जास्त. म्हणजे दहा स्पॅनिश बोलणाऱ्यांना रांगेत उभं केलं तर स्पेनच्या वाट्याला जेमतेम एक येतो. वर्गात आम्ही दीड वर्ष त्या एकाचंच ऐकत होतो.

त्या एकाची मोठी खूण म्हणजे त्याचा ‘थ’. आपल्या थाळीतला नव्हे, इंग्रजी ‘थिंक’मधला, जिभेचं टोक दातांत येणारा. माद्रिदमध्ये धन्यवाद म्हणजे ‘ग्राथियास’, मेक्सिकोत ‘ग्रासियास’. यावर एक गोष्ट हमखास सांगितली जाते. कुठल्याशा राजाची जीभ अडखळायची, दरबाऱ्यांनी त्याची नक्कल केली, मग सगळा देश तसा बोलू लागला. ही निव्वळ दंतकथा. राजा बोबडा असता तर प्रत्येक ‘स’चा ‘थ’ झाला असता. पण माद्रिदचा माणूस घराला ‘कासा’ म्हणतो आणि शिकारीला ‘काथा’. त्याच्या तोंडात दोन्ही ध्वनी आहेत आणि ते तो कधीच एकमेकांत मिसळत नाही.

खरी गोष्ट मराठी माणसाला चटकन कळण्यासारखी आहे. मध्ययुगीन कास्तेल्यानोमध्ये ‘त्स’ आणि ‘द्झ’ असे ध्वनी होते, आपल्या ‘चाक’मधल्या ‘च’सारखे आणि ‘जरा थांब’मधल्या ‘ज’सारखे. ‘स’ त्यांच्याहून वेगळा होता. सोळाव्या-सतराव्या शतकात ही गर्दी कमी होत गेली. उत्तरेत ‘त्स’ पुढे सरकून दातांत गेला आणि ‘थ’ झाला. दक्षिणेत, सेव्हिया आणि आसपास, तो ‘स’मध्येच विरून गेला. अमेरिकेकडे जाणारी जहाजं सुटायची सेव्हियाहून. १५०३ मध्ये त्या सगळ्या व्यापाराचं सरकारी कार्यालयही तिथेच उघडलं. जहाजांवर दक्षिणेकडचे लोक मोठ्या संख्येने होते. ते आपला ‘स’ घेऊन गेले. म्हणजे मेक्सिकोतल्या लोकांनी ‘थ’ टाकून दिला नाही. तो त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. एका मूळ ध्वनीच्या या दोन वाटा आहेत, आणि मूळ ध्वनी दोघांकडेही उरलेला नाही. बिघडलंच म्हणायचं तर दोघांचंही सारखंच बिघडलंय.

*

बी-टू पातळी पार केल्यावर मला हिंजवडीत नोकरी लागली. हॉटेल बुकिंगच्या तक्रारींचे रेकॉर्ड केलेले कॉल ऐकायचे आणि प्रत्येकाचा इंग्रजीत सारांश लिहायचा. सहा महिने प्रोबेशन. दिवसाला ठरलेले कॉल झाले नाहीत तर पुढचं पत्र मिळणार नव्हतं. पुण्यातल्या खोलीचं भाडं आणि धाकट्या भावाची फी या दोन्ही गोष्टी त्या पत्रावर अवलंबून होत्या.

माद्रिदचे कॉल मी सरसर करायचे. मग यायचा सान हुआन, हवाना किंवा सांतियागोचा कॉल. तीन मिनिटांच्या बोलण्याला पाऊण तास लागायचा. शब्द ओळखीचे असायचे, पण त्यांचे काठ गायब असायचे.

स्पॅनिश सगळीकडेच वेगवान वाटते आणि तो निव्वळ भास नाही. २०११ मध्ये फ्रान्समधल्या लियोंच्या संशोधकांनी सात भाषा मोजल्या, त्यात सेकंदाला पडणाऱ्या अक्षरांच्या बाबतीत जपानी आणि स्पॅनिश सगळ्यांत पुढे निघाल्या. पण त्यांच्या एकेका अक्षरात माहिती कमी भरलेली असते, त्यामुळे अर्थ पोचवण्याचा वेग इतर बऱ्याच भाषांच्या आसपासच राहतो. त्यात शब्द एकमेकांत शिरतात. ‘लोस ओत्रोस’ ऐकू येतं ‘लो-सो-त्रोस’. संधी पाठ केलेल्या पिढ्यांना यात नवल वाटू नये.

मी एक वही केली. प्रत्येक नव्या आवाजाला पहिल्या अर्ध्या मिनिटात चार प्रश्न विचारायचे. याला ‘थ’ आहे का? शब्दाच्या शेवटच्या ‘स’चं हा काय करतो? समोरच्याला ‘तू’ कसं म्हणतो? आणि ‘डबल एल’चा उच्चार काय? या चार उत्तरांवरून माणूस साधारण कुठल्या किनाऱ्यावरचा आहे ते कळतं. तेवढं कळलं की मग कान त्याच्या हिशेबाने लावता येतो.

पहिल्या प्रश्नाचं झालंच. दुसरा, ‘स’चा. क्यूबा, प्वेर्तो रिको, चिली, शिवाय स्पेनमधलाच आंदालुसिया, या सगळ्या ठिकाणी शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटचा ‘स’ पातळ होऊन ‘ह’ होतो, कधी पुरता जातो. ‘लोस आमिगोस’चं ‘लोह् आमिगोह्’, मग ‘लो आमिगो’. आता अनेकवचन कळायचं कसं? बहुतेक वेळा क्रियापदावरून, संदर्भावरून. ग्रानादाच्या बाजूला तर ‘स’ गेला तरी आधीचा स्वर किंचित उघडा होतो आणि तो उघडा स्वरच अनेकवचन सांगतो. आपल्याला ‘ह’ नीट ऐकू येतो, हा मराठी कानाचा फायदा. अडचण एवढीच की तो ‘ह’ म्हणजे ‘स’च आहे हे मनाला पटवावं लागतं. प्वेर्तो रिकोत आणखी एक गंमत आहे. अक्षराच्या शेवटचा ‘र’ बऱ्याचदा ‘ल’ होतो, त्यामुळे ‘अमोर’, म्हणजे प्रेम, ऐकू येतं ‘अमोल’. आमच्या टीममधल्या अमोलला हे सांगितल्यावर त्याने आठवडाभर रेगेटॉनशिवाय दुसरं काही लावू दिलं नाही.

तिसरा प्रश्न, ‘तू’चा. स्पेनमध्ये जवळच्या एकाला ‘तू’, अनेकांना ‘बोसोत्रोस’. लॅटिन अमेरिकेत ‘बोसोत्रोस’ बोलण्यात नाहीच. तिथे मित्रांच्या टोळक्यालाही ‘उस्तेदेस’. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’, आणि क्रियापदाचं रूपही वेगळं, ‘तू तिएनेस’ नाही, ‘बोस तेनेस’. ‘बोस’ हे एकेकाळी मानाचं सर्वनाम होतं, वापरून वापरून ते घरगुती झालं. बोगोताच्या बाजूला उलट चित्र दिसतं. ‘उस्तेद’ हे पुस्तकात आदरार्थी, पण तिथे नवरा-बायको, सख्खे भाऊही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. त्यामुळे कॉलमध्ये ‘उस्तेद’ ऐकून लगेच ‘ग्राहक औपचारिक, थोडा नाराज’ असं लिहिता येत नाही. कदाचित तो प्रेमाने बोलत असतो.

चिलीचा किस्सा वेगळा. आंद्रेस बेयो हा मोठा वैयाकरण, जन्माने व्हेनेझुएलाचा, पण काम केलं चिलीत. १८४७ मध्ये त्याने अमेरिकेतल्या लोकांसाठी म्हणून स्पॅनिश व्याकरण लिहिलं. त्याला चिलीतला ‘बोस’ मुळीच मान्य नव्हता. शाळांनी तो मुलांच्या तोंडातून काढायला सुरुवात केली आणि सर्वनाम खरंच मागे हटलं. पण क्रियापदात ते लपून राहिलं. आजही चिलीतली तरुण मुलं ‘कोमो एस्ताई?’ विचारतात आणि दर दोन वाक्यांनी ‘काचाई?’, म्हणजे ‘कळतंय ना?’, म्हणतात. शाळा पुढच्या दाराने हाकलते, भाषा मागच्या दाराने घरात येऊन बसते. अर्जेंटिनातल्या शाळाही विसाव्या शतकात बराच काळ मुलांना ‘तू’च शिकवत राहिल्या. मुलं वर्गाबाहेर आली की ‘बोस’. तिथे शेवटी शाळेनेच हार मानली.

*

शब्दांचं जंगल वेगळंच. बसला स्पेनमध्ये ‘आउतोबुस’, मेक्सिकोत ‘कामियोन’, ब्युनोस आयर्समध्ये ‘कोलेक्तिवो’, चिलीत ‘मिक्रो’, क्यूबात आणि कॅनरी बेटांवर ‘ग्वाग्वा’. आणि चिली-पेरूमध्ये ‘ग्वाग्वा’ म्हणजे तान्हं बाळ, केचुआ भाषेतून आलेला शब्द. ‘ग्वाग्वा वेळेवर आली नाही’ या वाक्याचं काय करायचं, ते बोलणारा कुठला यावर ठरतं. स्पेनमध्ये बस ‘पकडणं’, टॅक्सी ‘घेणं’ यासाठी जे क्रियापद दिवसातून वीसदा वापरतात, ते मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात चारचौघांत उच्चारलं तर लोक खाली माना घालून हसतात. मेक्सिकन ‘आओरिता’चा कोशातला अर्थ ‘आत्ताच’. प्रत्यक्षात तो ‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो’ इतकाच विश्वासार्ह.

हे फरक स्पॅनिश लोक रोज पार करतात आणि त्यांना त्यासाठी दुभाषी लागत नाही. लागेल असं कुणी गृहीत धरलं तर मात्र ते चिडतात. आल्फोन्सो क्वारोनचा ‘रोमा’ हा २०१८ चा सिनेमा मेक्सिको सिटीतला. नेटफ्लिक्सने तो स्पेनमध्ये दाखवताना मेक्सिकन स्पॅनिशला चक्क कॅस्टिलियन सबटायटल दिली. पडद्यावर मूल ‘मामा’ म्हणून हाक मारतंय आणि खाली लिहून येतं ‘माद्रे’. पात्र ‘उस्तेदेस’ म्हणतं, खाली ‘बोसोत्रोस’. क्वारोनने जाहीरपणे कडाडून आक्षेप घेतला, स्पेनच्या प्रेक्षकांचाही हा अपमान आहे असं त्याचं म्हणणं होतं. ती सबटायटल मागे घ्यावी लागली. मला त्यातला ‘मामा’ विसरता येत नाही. तो शब्द स्पेनमध्ये कुणाला कळणार नव्हता? तो कळत नव्हता म्हणून बदलला गेला नाही. आपल्याकडे असं म्हणत नाहीत, एवढ्यासाठी बदलला गेला.

*

आता चौथा प्रश्न, वहीतला माझा लाडका. ‘डबल एल’.

लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाविस’ म्हणायचे. पोर्तुगालकडे जाताना ‘क्ल’चा ‘श’-‘च’सारखा ध्वनी झाला आणि शब्द झाला ‘शावे’, जुन्या उच्चारात ‘चावे’. तोच पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि ‘चावी’ झाला. कास्तियात मात्र ‘क्ल’चा ‘ल्य’ झाला. लिहायचा ‘डबल एल’, म्हणायचं ‘ल्यावे’. पुढे बहुतेक स्पॅनिश जगात हा ‘ल्य’ही गेला आणि त्याचा साधा ‘य’ झाला, ‘यावे’. ब्युनोस आयर्समध्ये त्या ‘य’चा आणखी ‘श’ झाला, ‘शावे’. म्हणजे स्पॅनिश किल्ली फिरत फिरत पोर्तुगीज किल्लीजवळ, पर्यायाने आपल्या चावीजवळ, येऊन थांबली.

‘ल्य’चा ‘य’. हे वर्गात पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं गेलं तेव्हा मी फळ्याकडे बघत राहिले. ‘ळ’चा ‘य’. शाया, फया, डोये. ध्वनी अगदी तेच नाहीत, पण घडलेली गोष्ट तीच. ‘ल’च्या घरातला एक अवघड ध्वनी सैल होऊन ‘य’ झाला. यामुळे स्पॅनिशमध्ये काही शब्दांच्या जोड्या एकसारख्या ऐकू यायला लागल्या. ‘कायो’ म्हणजे तो गप्प झाला की तो पडला, हे आता फक्त लिहिलं तर कळतं. तरी कुणाचं काही अडलं नाही. आज माद्रिदमध्ये वृत्तनिवेदक ‘यावे’ म्हणतात, मंत्री ‘यावे’ म्हणतात, आमच्या शुद्ध कॅस्टिलियनच्या वर्गातही आम्हाला ‘यावे’च शिकवलं. त्याला कुणी गावंढळ म्हणत नाही, कारण ते राजधानीत घडलं. वऱ्हाडात घडलं ते ‘बोली’ झालं.

मग जुना ‘ल्य’ आज कुठे आहे? कास्तियाच्या खेड्यांतल्या काही म्हाताऱ्या माणसांकडे, पाराग्वेत आणि आंदीज पर्वतातल्या भागांत, बोलिव्हियात, पेरूच्या डोंगराळ पट्ट्यात. ज्यांच्या घरी केचुआ किंवा आयमारा बोलली जाते अशा लोकांकडे. त्यांच्या स्पॅनिशला त्यांच्याच शहरांत हसतात, कारण केचुआत मूळ स्वर तीनच, त्यामुळे ‘ए’ आणि ‘इ’, ‘ओ’ आणि ‘उ’ यांची सरमिसळ होते. ‘मेसा’, म्हणजे टेबल, कधी ‘मिसा’ ऐकू येतं.

प्रोबेशनच्या पाचव्या महिन्यात तसा एक कॉल आला. बोलिव्हियातली बाई, आवाजावरून साठीच्या पुढची. मुलीने बुक केलेल्या हॉटेलात पोचली होती, खोलीची किल्ली मिळत नव्हती. ती म्हणाली, ‘ल्यावे’. तो ध्वनी मी व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर पहिल्यांदा ऐकला, स्वच्छ, सावकाश, दोन्ही बाजूंनी जिभेवरून घरंगळणारा. मी रेकॉर्डिंग मागे नेऊन तीनदा ऐकलं. आणि तिचं पुढचं वाक्य असं होतं की, माफ करा मुली, मला नीट बोलता येत नाही. नंतरही ती दोनदा माफी मागते. पलीकडची एजंट ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणते आणि किल्लीचं विचारते, ‘यावे’.

रेकॉर्डिंगला उत्तर देता येत नाही. सारांशात भाषेबद्दल लिहायला रकाना नव्हता. मी लिहिलं: ग्राहकाला खोलीची किल्ली मिळालेली नाही, बोलणं स्पष्ट आणि सौजन्यपूर्ण. त्यातले शेवटचे शब्द कुणी मागितले नव्हते. ते तसेच पुढे गेले.

त्या रात्री नेब्रिहाबद्दल वाचत होते. १४९२ मध्ये कास्तेल्यानोचं पहिलं व्याकरण लिहिणारा आन्तोनियो दे नेब्रिहा. तो कास्तियाचा नव्हताच, सेव्हियाजवळच्या लेब्रिहा गावचा, म्हणजे आंदालुसियाचा. चार दशकांनी हुआन दे वाल्देस नावाच्या विद्वानाने भाषेवर संवाद लिहिला, त्यात नेब्रिहावर ठपका असा की हा आंदालुसियाचा, तिथली भाषा काही फार शुद्ध नाही. भाषेला पहिलं व्याकरण देणाऱ्यालाही ‘तू कुठला?’ या प्रश्नातून सुटका मिळाली नाही. मला ते वाचून बरं वाटलं.

*

पत्र मिळालं. आता चिलीचे कॉल टीममध्ये माझ्याकडेच येतात. नवे लोक विचारतात, सुरुवात कुठल्या स्पॅनिशने करू? मी सांगते, बोलायला एक धर. ज्या देशातल्या माणसांशी बोलायचंय, ज्या देशाची गाणी रात्री दोनला ऐकतोस, त्या देशाची. स्पेनची धरलीस तर ‘बोसोत्रोस’ पाठ कर, अर्जेंटिनाची धरलीस तर ‘बोस’ची रूपं. मध्येच उड्या मारू नकोस, तोंडाला सवय लागायला वेळ लागतो. कानाने मात्र सगळ्या शिक, पहिल्या महिन्यापासून. रोज वेगळ्या देशाचा रेडिओ, दहा मिनिटं, न समजता. आणि ते चार प्रश्न. ‘नार्कोस’मध्ये पाब्लो एस्कोबार झालेला वाग्नेर मौरा ब्राझीलचा. त्या भूमिकेसाठी तो मेदेयीनमध्ये स्पॅनिश शिकला. कोलंबियातल्या लोकांनी त्याच्या उच्चारांवर तोंडसुख घेतलं, तरी मालिका जगभर बघितली गेली. परक्या उच्चारासकटच आपण बोलत असतो. हे एकदा मान्य केलं की घसा मोकळा होतो.

मागच्या महिन्यात आईने विचारलं, ‘काय वं, दिवसभर कानात थे लावून काय आयकत असते तू?’ मी तिला ‘यावे’ आणि ‘ल्यावे’ची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, ‘मंग त्याहीचंबी आपल्यासारखंच हाय म्हना.’ मी हो म्हटलं. तिला आणखी एक विचारायचं होतं. त्या किल्लीवाल्या बाईला शेवटी खोली भेटली का? ते रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं.